मुलांचं लैंगिक शोषण: कुणाला सांगायचं आणि पुढे काय होतं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महाराष्ट्रातल्या सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, नगरसेवक, अंगणवाडी सेविका, आशाताई, शिक्षक, संस्थांचे कार्यकर्ते आणि पालक यांच्यासाठी आहे. ‘मूल’ म्हणजे १८ वर्षं पूर्ण न झालेली कोणतीही व्यक्ती, मग ती मुलगी असो, मुलगा असो किंवा तृतीयपंथी.

आत्ता, या क्षणी एखादं मूल धोक्यात असेल तर काय करू?

११२ किंवा १०९८ वर फोन करा. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा एक प्रकल्प म्हणून ती सुरू झाली. २०२३ पासून ती शासनाच्या महिला व बाल विकास यंत्रणेकडे आली आणि ११२ शी जोडली गेली. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मूल स्वतःही फोन करू शकतं.

फोनवर चार गोष्टी सांगा: मूल आत्ता कुठे आहे, अंदाजे वय, दुखापत आहे का, आणि ज्याच्यावर संशय आहे तो माणूस जवळ आहे का. पूर्ण हकीकत तुम्हाला माहीत असावी अशी कुणाची अपेक्षा नसते. त्या माणसाला मात्र सुगावा लागू देऊ नका. ‘तुझ्यावर तक्रार करतोय’ असं आधी सुनावून मग फोन केला, तर मधल्या तासाभरात मूल गावाबाहेर जातं, मोबाइल पुसला जातो, किंवा घरच्यांवर दबाव येतो.

बलात्कार झाला तरच ते शोषण का?

नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पॉक्सो, खूप पुढे जातो. नको तिथे हात लावणं, घाणेरडे हावभाव करणं, अश्लील चित्रं दाखवणं, सतत पाठलाग करणं किंवा मोबाइलवरून मागे लागणं, फोटो पसरवण्याची धमकी देणं, मुलाला अश्लील चित्रीकरणासाठी वापरणं, हे सगळे त्याखालचे गुन्हे आहेत. कपड्यांवरून हात लावला तर तो लैंगिक हल्ला नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तो रद्द केला. कातडीला कातडी लागली का हा प्रश्न नाही, लैंगिक हेतू होता का हा प्रश्न आहे.

शोषणात बहुतेक वेळा देवघेव असते: मोबाइल, रिचार्ज, जेवण, नोकरीचं आमिष, ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य, नाहीतर आईबापाच्या डोक्यावरची उचल. मुलाने ती वस्तू घेतली म्हणून त्याची संमती होती असं होत नाही. १८ च्या आत संमतीला कायद्यात किंमत नाही.

मुलग्यांच्या बाबतीतही हे होतं का?

होतं, आणि कळवलं जातं खूपच कमी. केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं, आणि सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून किंचित अधिक होते. ‘पोरगा आहे, त्याला काय होतंय’ ही समजूत शोषण करणाऱ्याच्या फार उपयोगी पडते. ढाबा, हॉटेल, वसतिगृह, क्रीडा शिबिर, रेल्वे स्थानक, जिथे मुलगे एकटे राहतात तिथे लक्ष हवं.

कोणत्या खुणांवरून संशय घ्यावा?

एका खुणेवरून काही ठरत नाही. बदल पाहायचा. घरात पैसा नसताना हातात नवा फोन किंवा दुसरं सिम. शाळेच्या फाटकाशी मोटरसायकलवर थांबणारा, वयाने बराच मोठा ‘दादा’. रात्री उशिरा येणं, कुठे होतास विचारलं की गप्प बसणं किंवा पाठ केल्यासारखं उत्तर देणं. अचानक शाळा सुटणं. लघवीला जळजळ, वारंवार पोटदुखी, झोपेत दचकणं, लहान मुलाने अंथरूण पुन्हा ओलं करायला लागणं. एखाद्या ठराविक नातेवाइकाकडे जायचं म्हटलं की हातपाय गाळणं.

गावपातळीवर आणखी एक खूण असते, ती घरात नव्हे, वस्तीत दिसते. बाहेरून आलेला माणूस किंवा बाई दोन-तीन गरीब घरांत जाते, ‘पुण्यात पार्लरमध्ये काम देते’, ‘परराज्यातलं स्थळ आहे, हुंडा नको, उलट आम्हीच खर्च देतो’ असं सांगते. लग्नाचा खर्च मुलाकडचे देतात आणि मुलाकडचं कुणी गावात आधी आलेलंच नसतं, अशा ठिकाणी अंगणवाडी सेविकेने त्याच दिवशी ग्रामपंचायतीत सांगावं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत मागे आजीकडे ठेवलेली मुलगी आणि सोबत फडावर नेलेली मुलगी, दोघींनाही वेगवेगळा धोका असतो. हंगामी वसतिगृहं त्यासाठीच आहेत, पण ती ऑक्टोबरात सुरू झाली तरच उपयोग. डिसेंबरात सुरू होणाऱ्या वसतिगृहात मुली उरलेल्याच नसतात.

मुलाने सांगायला सुरुवात केली, तर मी काय बोलू?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हे. मूल सहसा एकदम सांगत नाही. आधी चाचपतं: ‘ताई, एखाद्याने गुपित ठेवायला सांगितलं असेल तर?’ त्या वेळी हातातलं काम खाली ठेवा, त्याच्या उंचीला बसा आणि ऐका.

बोलायची वाक्यं थोडी आहेत. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस.’ ‘यात तुझी काही चूक नाही.’ ‘तू सुरक्षित राहावंस म्हणून मला हे एकदोन माणसांना सांगावं लागेल, कुणाला ते मी तुला आधी सांगेन.’ ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ते तुम्हाला मोडावं लागणार, आणि मोडलं की मुलाचा मोठ्या माणसांवरचा उरलासुरला विश्वासही जातो.

‘का गेलीस?’, ‘ओरडली का नाहीस?’, ‘आधी का नाही सांगितलंस?’ हे प्रश्न तोंडातून निघू देऊ नका. ‘त्याने इथे हात लावला ना?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्नही नकोत. पुढे कोर्टात बचाव पक्ष नेमकं हेच म्हणतो की मुलाला पढवलं. कोण, कुठे, साधारण कधी, आणि आत्ता घरी जाणं सुरक्षित आहे का, एवढं कळलं की थांबा.

मूल निघून गेल्यावर लगेच लिहून काढा. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, अवयवासाठी त्याने घरचा किंवा बोलीतला शब्द वापरला असेल तर तोच. ‘त्यानं माझ्या शूच्या जागी बोट लावलं’ या वाक्याला जे वजन आहे ते ‘आक्षेपार्ह वर्तन केले’ या वाक्याला नाही. मोबाइलवर मुलाचा व्हिडिओ काढू नका. आणि खरंखोटं करण्यासाठी त्या माणसासमोर मुलाला उभं करू नका, हे तर कधीच नाही.

मला खात्री नाही. तरी कळवावंच लागतं का?

हो. पॉक्सोच्या कलम १९ नुसार गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या, किंवा घडण्याची शक्यता वाटणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक, सरपंच यांना वेगळी सूट नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहाच्या प्रकरणात माहिती असून न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला आणि न कळवणं हा स्वतंत्र गंभीर गुन्हा असल्याचं सांगितलं.

दुसरी बाजूही माहीत असू द्या: सद्‌हेतूने दिलेली माहिती पुढे चुकीची निघाली, तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. मुद्दाम खोटी तक्रार करणारा मोठा माणूस शिक्षेला पात्र आहे, मुलाला मात्र त्याबद्दल शिक्षा नाही. तपास करणं हे पोलिसांचं काम. तुमचं काम शंका वेळेत पोचवणं.

गावातच बसून मिटवलं तर बिघडलं कुठे?

बिघडतं, आणि ते मुलाचं बिघडतं. हे गुन्हे आपसात मिटवण्याजोगे नाहीतच. जातपंचायत, भावकी, तंटामुक्त समिती, शाळेचं व्यवस्थापन यांपैकी कुणालाही दंड घेऊन, माफीनामा लिहून घेऊन किंवा त्याच माणसाशी मुलीचं लग्न ठरवून प्रकरण संपवता येत नाही. अशा बैठकीला जे बसतात त्यांच्यावर न कळवल्याचा गुन्हा लागू शकतो. पोलीस पाटलाचं तर गुन्ह्याची माहिती ठाण्यात पोचवणं हे पदाचंच काम आहे.

मिटवलेल्या प्रकरणात पुढे काय होतं ते पाहा. मुलीची शाळा सुटते, कारण तो माणूस त्याच रस्त्यावर राहतो. वर्षाच्या आत तिचं लग्न लावतात, म्हणजे बालविवाह, आणि १८ च्या आतल्या पत्नीशी संबंध हाही बलात्कारच ठरतो. आणि त्या माणसाला कळतं की या गावात किंमत मोजली की सुटता येतं. त्याच्या वाटेतलं पुढचं मूल त्याच वस्तीतलं असतं.

ग्रामपंचायत किंवा नगरपालिका यांनी नेमकं करायचं काय?

प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती आणि शहरात प्रभागाची समिती असायला हवी. गावात सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव असते, मुख्याध्यापक, आशा, पोलीस पाटील आणि मुलांचे प्रतिनिधीही तिच्यात येतात. बऱ्याच ठिकाणी ही समिती फलकावर आहे, कामात नाही. ती चालावी असं वाटत असेल तर एक वही पुरेशी आहे: दर महिन्याला कोणती मुलं शाळेत येईनाशी झाली, कोणतं कुटुंब कुठे स्थलांतरित झालं, कोणाच्या घरी मुकादम किंवा एजंट येऊन गेला, कोणत्या मुलीचं लग्न ठरल्याची कुणकुण आहे. आशाताई आणि अंगणवाडी सेविका मिळून दहा मिनिटांत ती भरतात. संशयास्पद नोंद दिसली की ती जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जाते, गुन्हा वाटला तर थेट पोलिसांकडे. समितीने स्वतः चौकशी करायची नाही. मुलाला समितीसमोर बोलवायचं तर मुळीच नाही. त्या वहीत पीडित मुलाचं नाव लिहू नका.

ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, हा गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही असतो, हे बऱ्याच सरपंचांना ठाऊक नसतं. आणखी एक गोष्ट फक्त स्थानिक संस्थेच्याच हातात आहे: जन्मनोंद. मूल १८ खालचं आहे का याचा निर्णय आधी शाळेच्या दाखल्यावरून होतो, तो नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावरून, आणि दोन्ही नसतील तरच हाडांच्या तपासणीवरून. हाडांच्या तपासणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक पडतो आणि त्या फरकात १६-१७ वर्षांची मुलगी सज्ञान ठरवली जाते. पालावर, वीटभट्टीवर, फडावर जन्मलेल्या मुलांच्या जन्माची नोंद वेळेत करणं हे शोषण रोखण्याचंच काम आहे.

महापालिकांकडे याहून मोठं साधन आहे, ते म्हणजे दवाखाने. मुंबई महापालिकेने सेहत या संस्थेसोबत २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. हिंसाचार सोसलेल्या बाईला आणि मुलीला उपचाराच्या जागीच समुपदेशन मिळावं हा विचार. जखम दाखवायला आलेल्या माणसाला ‘हे कसं झालं?’ असं वेगळ्या खोलीत, घरच्यांच्या गैरहजेरीत विचारलं, तरच खरं उत्तर मिळतं.

पोलीस ठाण्यात काय होतं?

मुलाला ठाण्यात नेणं भाग नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा आहे, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यांत, आईवडील किंवा मुलाच्या विश्वासातल्या माणसासमोर. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. आरोपी मुलाच्या नजरेस पडता कामा नये, आणि लहान ठाण्यांत नेमकं हेच चुकतं: एकच व्हरांडा, एका बाकावर मूल आणि समोरच्या बाकावर तो. असं दिसलं तर शांतपणे, पण लगेच, मुलाला बाहेर न्या आणि अधिकाऱ्याला सांगा. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याचं नाव विचारा.

जबाब मुलाच्या भाषेत लिहून त्याला समजेल असा वाचून दाखवायचा असतो. भिल्ली, गोंडी, कोरकू, पारधी बोलणाऱ्या मुलासाठी दुभाषा मागा. प्रथम खबरीची प्रत फुकट मिळते. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला (मुलाच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) आणि पॉक्सोचे खटले चालवणाऱ्या विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. कळवलंय का, हे दुसऱ्या दिवशी विचारा. तपास दोन महिन्यांत संपवायचा असतो.

‘ही आमची हद्द नाही’ असं सांगितलं तर?

हद्दीचा प्रश्न येत नाही. गुन्हा कुठेही घडला असला तरी शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवावा लागतो. नकार मिळाला तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तांकडे द्या आणि पोच घ्या. तिथेही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. बाल कल्याण समितीला अर्ज दिला तर तीही प्रकरण पोलिसांकडे पाठवू शकते.

दवाखान्यात आधी काय करायचं?

उपचार आधी, कागद नंतर. सरकारी असो वा खासगी, दवाखान्याला पोलिसांचं पत्र किंवा प्रथम खबर मागता येत नाही. उपचार मोफत द्यावे लागतात आणि नाकारणं हा गुन्हा आहे. घटना नुकतीच घडली असेल तर शक्यतो आंघोळ न घालता, कपडे न धुता न्या. अंगावरचे कपडे बदलले असतील तर ते कोरडे करून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा कुजतो. आंघोळ झाली असेल तरी दवाखान्यात नक्की जा, ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसू नका.

७२ तास हा आकडा लक्षात ठेवा. एचआयव्ही टाळण्याची औषधं त्याच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. गर्भनिरोधक गोळीही तशीच लवकर द्यायची. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने, आई किंवा विश्वासातल्या व्यक्तीसमोर करायची. दोन बोटांची चाचणी, म्हणजे योनीत बोटं घालून केली जाणारी तपासणी, सर्वोच्च न्यायालयाने बंद केली आहे. कुणी ती करू लागलं तर थांबवायचा तुम्हाला अधिकार आहे.

गर्भ राहिला असेल तर २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर आहे. भीतीने मुली भोंदू दाईकडे जाऊ नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एक मार्ग मोकळा केला: मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव व ओळख देणं बंधनकारक नाही.

मुलाला घरातून उचलून नेतात का?

ही भीती तक्रारी थांबवते. मुलाला घरापासून तोडावं अशी कायद्याची इच्छा नाही. बाल कल्याण समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. आरोपी त्याच घरात राहत असेल, किंवा मुलाला घरच नसेल, तर पोलीस मुलाला २४ तासांत समितीपुढे नेतात. समिती बसलेली नसेल तर एका सदस्यापुढेही नेता येतं. तीन दिवसांत समिती ठरवते की घर सुरक्षित आहे का. आई ठामपणे मुलाच्या बाजूने उभी असेल आणि आरोपी घराबाहेर असेल, तर मूल बहुधा घरीच राहतं. मावशी किंवा आजी हाही पर्याय असतो. बालगृह शेवटी.

मुलाची इच्छा विचारणं समितीवर बंधनकारक आहे. पण ती विचारताना मागच्या बाकावर काका बसलेले असतील तर उत्तर काकांचं येतं. एकट्याने बोलू द्या, अशी विनंती कुणीही करू शकतं.

स्वयंसेवी संस्था यात काय करतात?

गुन्हा दाखल झाल्यावर गर्दी ओसरते. तिथून निकालापर्यंतचे महिने, कधी वर्षं, संस्थांचं काम असतं. कायद्यात यासाठी ‘सपोर्ट पर्सन’ हे पद आहे. बाल कल्याण समिती ही व्यक्ती मुलाला नेमून देते, आणि प्रत्येक मुलाला ती मिळावी असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा बजावलं. काम साधंच वाटतं: तारीख कधी आहे ते सांगणं, जाण्यायेण्याचा खर्च बघणं, शाळा बदलायची तर दाखला काढून देणं, कोर्टाची खोली आधी रिकामी असताना दाखवून आणणं, आरोपीच्या घरचे दारात आले तर लगेच पोलिसांना कळवणं. खटले पडतात ते बहुतेक वेळा पुराव्याअभावी नाही, तर या साध्या गोष्टी कुणी न केल्याने मूल आणि आई थकून जबाब फिरवतात म्हणून. तुमच्या प्रकरणात कुणी नेमलेलं नसेल तर समितीकडे लेखी मागा.

महाराष्ट्रात या कामाचा पाया जुना आहे. कामाठीपुऱ्यात १९८६ साली सुरू झालेल्या प्रेरणा संस्थेने १९८८ मध्ये देहविक्री करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर काढलं. रात्री आई धंद्यावर असताना मूल त्याच खोलीत पलंगाखाली झोपायचं, दलालाच्या नजरेत वाढायचं. रात्रीची एक सुरक्षित जागा, जेवण आणि सकाळची शाळा एवढ्याने त्या मुलाचा रस्ता बदलतो. अहिल्यानगरच्या स्नेहालयाने १९८९ पासून असंच काम उभं केलं.

संस्था निवडताना डोळे उघडे ठेवा. मुलं राहत असतील ती संस्था बाल न्याय अधिनियमाखाली नोंदलेली असलीच पाहिजे. मुलांचे चेहरे दाखवून देणग्या मागणारी, नातेवाइकांना भेटू न देणारी, पाहुण्यांना रात्री मुक्कामाला ठेवणारी संस्था दिसली तर ती स्वतःच तपासण्याजोगी आहे.

देहविक्रीच्या अड्ड्यावरच्या छाप्यात सोडवलेल्या अल्पवयीन मुलींचं काय होतं?

त्या आरोपी नसतात. प्रेरणा संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केलं की अशा मुलींना बाल कल्याण समितीपुढेच न्यायचं, आणि चौकशी झाल्याशिवाय ‘मी तिची आई’, ‘मी मावशी’ म्हणत येणाऱ्याच्या ताब्यात द्यायचं नाही. पहिल्या काही दिवसांत असे दावेदार वकील घेऊन येतात. आधार कार्डं नवी, उत्तरं तोंडपाठ. म्हणून मूळ गावी गृहचौकशी करून अहवाल येईपर्यंत घाई करत नाहीत. आणि खऱ्या आईनेच विकलं होतं, असंही निघतं. मुलगी सुरुवातीला कार्यकर्त्यांवरच चिडते, खोटं वय आणि खोटं नाव सांगते. तिला तसं शिकवलेलं असतं. तिच्यावर रागावू नका.

मूल हरवलंय. २४ तास थांबायला सांगितलं.

थांबायचं नाही. २०१३ पासून सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे की हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, मोबाइल क्रमांक, शेवटचं बोलणं कोणाशी, एवढं घेऊन जा. ‘पळून गेली असेल’ हा शेरा आहे, तपास नव्हे. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर तपास मानवी तस्करी विरोधी कक्षाकडे जायला हवा. तसं झालं का, हे विचारायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मुलीचे फोटो पसरवायची धमकी येतेय. काय करू?

पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका. खात्याचं नाव, दुवा, तारीख, क्रमांक दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या आणि मगच खातं ब्लॉक करा. तो फोटो मात्र पुरावा म्हणून कुणालाही पाठवू नका, शिक्षकांना नाही, नातेवाइकांच्या गटावर तर अजिबातच नाही. मुलाचं अश्लील चित्र पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. फोन घेऊन सायबर पोलिसांकडे जा आणि तिथे दाखवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते. पैसे गेले असतील तर १९३० वर त्याच तासात फोन करा.

फोटो अजून पसरला नसेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा वापरता येते. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त एक अंकी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो ओळखून काढतात. मुंबईच्या ‘आरंभ इंडिया’ने २०१६ मध्ये देशातली पहिली अशी हॉटलाइन सुरू केली होती, जिथे मुलांच्या शोषणाच्या चित्रांचे दुवे कळवता येतात. आणि घरात पहिलं वाक्य ‘फोन काढून घेते’ हे नको. त्या एका वाक्याच्या भीतीनेच मुलं आठवडेच्या आठवडे एकटी सोसतात.

कोर्टात मुलाला काय काय सहन करावं लागतं?

कायद्याप्रमाणे फार थोडं, प्रत्यक्षात कोर्टागणिक वेगळं. सुनावणी बंद दाराआड होते. वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाही, तो न्यायाधीशांना देतो आणि न्यायाधीश विचारतात. आरोपी पडद्यामागे किंवा व्हिडिओवर असतो. मधे सुट्टी मागता येते, आई शेजारी बसू शकते. मुलाची साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो एका वर्षात संपवायचा आहे. हे पाळलं जात नाही तेव्हा विशेष सरकारी वकिलाला भेटून पुढची तारीख जवळची मागायला सांगा. आरोपीने जामीन मागितला तर मुलाच्या कुटुंबाला कळवून त्यांचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं आहे. नोटीस आली की घाबरू नका, जा. मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण देतं.

पैशाची मदत मिळते का?

तीन दारं आहेत. कपडे, जेवण, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बाल कल्याण समितीच्या शिफारशीवरून आठवड्याच्या आत रक्कम मिळायची तरतूद आहे. अत्याचार सोसलेल्यांना अर्थसाहाय्य देणारी राज्याची मनोधैर्य योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून आहे आणि आता ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते. निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही. तिसरं, विशेष न्यायालय अंतरिम नुकसानभरपाई देऊ शकतं. शिवाय पालक सांभाळू शकत नसतील तर सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये. अर्ज अडतो तो बहुधा मुलाच्या नावचं बँक खातं नसल्याने. ते पहिल्याच आठवड्यात उघडा.

सतरा वर्षांची मुलगी स्वतःहून एका मुलासोबत गेली. हेही शोषणच का?

कायद्याच्या दृष्टीने १८ खाली संमती नाही, त्यामुळे माहिती मिळाल्यावर कळवण्याचं बंधन इथेही सुटत नाही. पण कार्यकर्त्याने डोळे उघडे ठेवून पाहावं: दोघांच्या वयात अंतर किती, पैसा-धमकी-फोटो यांचा वापर आहे का, मुलगी घरच्या मारहाणीतून किंवा लग्नाच्या सक्तीतून पळाली का. समितीपुढे हे सगळं मांडता येतं. घरी परतल्यावर तिच्या जिवाला धोका आहे का, हा प्रश्न अशा प्रकरणात आधी विचारा.

शाळेने काय करणं अपेक्षित आहे?

बदलापूरच्या घटनेनंतर शालेय शिक्षण विभागाने २१ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती) आणि कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणं याबद्दल सूचना दिल्या. तक्रारपेटीची चावी मुख्याध्यापकांकडे असेल आणि पेटी त्यांच्याच दारासमोर असेल, तर तिच्यात चिठ्ठी पडत नाही. ती स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावा आणि दर आठवड्याला दोघांसमोर उघडा. कंत्राटी सफाई कामगार, बसचालक, क्रीडा प्रशिक्षक, शिकवणीवाले, सगळ्यांची पोलीस पडताळणी हवी. लहान मुलींना स्वच्छतागृहात नेण्याचं काम बाईचंच. मात्र कॅमेऱ्यावर फार विसंबू नका. सांगायला आलेल्या मुलाचं ऐकणारी एक बाई शाळेत असणं कॅमेऱ्याहून जास्त कामाचं आहे.

गोव्यात वेगळे नियम आहेत का?

पॉक्सो तिथेही लागू आहेच. त्याच्या खूप आधी, २००३ मध्ये गोव्याने स्वतःचा बालक कायदा केला. परदेशी पर्यटकांसाठी मुलं पुरवणाऱ्या एका अनाथालय-चालकाला १९९६ मध्ये शिक्षा झाली होती, त्या काळ्या अनुभवानंतरचा हा कायदा. कुटुंबातल्या किंवा नात्यातल्या माणसासोबत नोंद असल्याशिवाय मुलाला हॉटेलच्या खोलीत जाऊ द्यायचं नाही, ही त्यातली तरतूद महाराष्ट्रातल्या लॉजमालकांनीही स्वतःहून पाळावी अशी आहे. पॉक्सोखाली लॉज आणि हॉटेलवर कळवण्याचं बंधन तसंही आहेच.

मुलाचं नाव कुठे कुठे जाऊ द्यायचं नाही?

नाव, फोटो, पत्ता, शाळा, आईवडिलांचं नाव, ओळख पटेल असा कोणताही तपशील बाहेर जाऊ देणं गुन्हा आहे, वर्तमानपत्राला आणि व्हॉट्सअ‍ॅप गटाच्या चालकालाही. गळती बहुतेक वेळा वाईट हेतूने होत नाही. निषेध मोर्च्याच्या फलकावर गावाचं नाव आणि ‘इयत्ता चौथीतील’ असं लिहिलं जातं, आणि चौथीत सातच मुली असतात. पुढारी घरी सांत्वनाला येतात, दाराचा फोटो टाकतात. ग्रामसभेच्या इतिवृत्तात नाव येतं. शाळेच्या हजेरीपटावर कुणीतरी लाल शाईने खूण करून ठेवतं. पोलिसांची गाडी दारासमोर उभी राहिली तरी वस्तीला कळतं, म्हणून गाडी लांब लावायला सांगा. कागदपत्रांची प्रत कुणी मागितली तर कायद्याने त्याला तो अधिकार आहे का ते आधी विचारा, आणि संस्थेच्या फाइलवर नावाऐवजी क्रमांक घाला.